उद्याच्या हजेरीपटावर कोणाची नावे?

६ मार्च १८६७ची संध्याकाळ. औरंगाबादेत, नदीकाठच्या एका पडक्या बंगल्याच्या भिंतीवर सरकारी जाहीरनामा लागला आहे. शिपायांच्या उठावाचा एक पुढारी मुंबई इलाख्यात आल्याची खबर आहे. त्याला जिवंत किंवा मेलेला हजर करणाऱ्याला दोन हजार पौंडांचे बक्षीस मिळेल. त्या पुढाऱ्याचे नाव धोंडोपंत, ऊर्फ... आणि पुढे कागदच नाही. ज्या कोपऱ्यात ते दुसरे, सर्वांना ठाऊक असलेले नाव मोठ्या अक्षरांत छापले होते, तो कोपरा एका फकिराने फाडून नेला आहे. फाडलेले नाव होते नानासाहेब. आणि तो फकीर म्हणजे वेषांतर केलेले खुद्द नानासाहेबच.

हा प्रसंग इतिहासात घडलेला नाही. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीची ही सुरुवात आहे. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘वाफेचे घर’. वाफेवर चालणारा एक लोखंडी हत्ती चाकांची दोन घरे ओढत उत्तर हिंदुस्थान पालथा घालतो, अशी तिची कल्पना. या अचाट यंत्राची गोष्ट सुरू होते ती मात्र मराठवाड्यात. नदीचे नाव व्हर्नने ‘दूधमा’ असे लिहिले आहे. ती आपली दुधना. पुढे नानासाहेब वेरूळच्या लेण्यांत आपल्या भावाला, बाळारावांना भेटतात. पॅरिसमधल्या वाचकांनी हे सगळे वाचले तेव्हा मराठवाड्यात कोणाला त्याचा पत्ताही नसावा.

जगातल्या गाजलेल्या विज्ञानकथांमधली पात्रांची नावे कुठून आली, याचा माग काढू लागले की अशा ओळखीच्या वाटा लागतात. त्यातल्या काही थेट आपल्या दारापर्यंत येतात.

हा शोध धाराशिव जिल्ह्यातून सुरू करण्याला कारण आहे. नाव म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून हे शहर उस्मानाबाद झाले. तरी खेड्यापाड्यांतल्या बोलण्यात धाराशिव टिकून राहिले. फेब्रुवारी २०२३मध्ये शहराच्या नावबदलाला केंद्राची मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर २०२३मध्ये जिल्ह्याचे व तालुक्याचे नावही धाराशिव झाले. पशुपालकांच्या जगात मात्र इथली प्रसिद्ध शेळी आजही ‘उस्मानाबादी’च आहे. कागदावरचे नाव, तोंडातले नाव आणि बाजारातले नाव अशी तिन्ही नावे एकाच वेळी नांदतात, हे इथे रोज दिसते.

दुसरे कारण साहित्याचे. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्यानंतरच्या, म्हणजे नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांकडे गेले. मराठी विज्ञानकथेला वाचक मिळवून देणारा शास्त्रज्ञ त्या पदावर बसला. संमेलनाध्यक्षपदाचा मान धाराशिवच्या मांडवातून पुढे गेला तो विज्ञानकथेकडे, असेच म्हणायला हवे.

विज्ञानकथेत नावाला वजन जास्त असते. ऐतिहासिक कादंबरीत नावे आधीपासून ठरलेली असतात. सामाजिक कादंबरीत ती शेजारपाजारची असतात. विज्ञानकथेतले जग अजून उजाडलेलेच नसते, त्यामुळे तिथे लेखक उद्याचा हजेरीपट मांडत असतो. त्या पटावर कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही आणि कोणाचे चुकीचे लिहिले आहे, यावरून ते भविष्य कोणाचे मानले गेले हे कळते. या लेखातला सगळा शोध त्या एका प्रश्नासाठी आहे.

नाव नाकारणारा राजपुत्र

व्हर्नचे सर्वांत गाजलेले पात्र म्हणजे कॅप्टन नेमो. १८६९-७०मध्ये आलेल्या समुद्राखालच्या सफरीच्या कादंबरीत तो ‘नॉटिलस’ पाणबुडीचा धनी म्हणून भेटतो. लॅटिनमध्ये ‘नेमो’ म्हणजे कोणीही नाही. ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस एकाक्ष राक्षसाच्या गुहेत अडकतो तेव्हा आपले नाव ‘कोणीही नाही’ असेच सांगतो आणि त्या बळावर सुटतो. व्हर्नच्या शिकल्यासवरल्या वाचकांना हा धागा लगेच कळला असणार.

हा माणूस नाव का टाकतो, याचे व्हर्नच्या मनातले पहिले उत्तर वेगळे होते. नेमो पोलंडचा सरदार असावा, १८६३च्या उठावात रशियाने त्याचे कुटुंब मारलेले असावे, असे त्याने योजले होते. प्रकाशक हेट्झेल यांना रशियातली बाजारपेठ गमवायची नव्हती. त्यांनी विरोध केला आणि नेमोचा देश कादंबरीत गुलदस्त्यातच राहिला. पुढे १८७४-७५मध्ये आलेल्या ‘गूढ बेट’ या अर्थाच्या कादंबरीत मरणाच्या दारात टेकलेला नेमो आपले खरे नाव सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र दक्कार. १८५७च्या उठावात लढलेला, घरदार गमावलेला आणि म्हणून समुद्रात उतरलेला.

म्हणजे विज्ञानकथेतला जगातला पहिला मोठा शास्त्रज्ञ-बंडखोर हिंदुस्थानी निघाला. बुंदेलखंड म्हटले की मराठी माणसाला झाशी आठवते. नेवाळकरांचे ते मराठी संस्थान त्याच भूमीत होते. पण दक्कार हे नाव? बुंदेलखंडातल्या कोणत्याही राजवंशात शोभेल असे ते नाही. व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा भाचा-पुतण्याही करून टाकले. बुंदेला राजा आणि म्हैसूरचा सुलतान यांची सोयरीक नकाशावरही जुळत नाही आणि वंशावळीतही जुळत नाही. व्हर्नने हिंदुस्थान पाहिला नव्हता. इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांतून वाचला होता. कानावर आलेले मोठे आवाज त्याने एकत्र गुंफले.

आता दक्कार आणि धोंडोपंत यांना शेजारी उभे करा. दोघेही १८५७चे. दोघांनाही नाव लपवावे लागले. मात्र नेमो जगभरच्या मुलांचा लाडका झाला आणि व्हर्नचा नानासाहेब क्रूर सूडकरी म्हणून रंगवला गेला. माझ्या मते हा फरक नावाने केला. दक्कार कल्पित होता, म्हणून व्हर्नला त्याच्या दुःखाशी प्रामाणिक राहता आले. नानासाहेब खरे होते. त्यांच्या नावाबरोबर कानपूरच्या इंग्रजी हकिकती आल्या, त्यांतला द्वेष आला आणि लेखकाची सहानुभूती त्या ओझ्याखाली चिरडली. खरे नाव घेताना लेखक ज्याच्या कागदपत्रांवर विसंबतो, त्याचीच नजर घेतो.

आणखी एक गोष्ट व्हर्नला कळण्यासारखी नव्हती. धोंडो, धोंडू, दगडू ही नावे आपल्याकडे बहुधा नवसासायासाने जगलेल्या मुलाला ठेवली जात. आधीची मुले दगावली की पुढच्याचे नाव मुद्दाम दगडाचे ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि मूल टिकते. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीत दगडू आणि धोंडिराम गावोगाव सापडतात. फ्रेंच वाचकाला ‘दांडू-पांत’ हा नुसता विचित्र ध्वनी होता. मराठी वाचकाला त्या नावात एका आईची भीती ऐकू येते.

अक्षरांची उलटापालट

नाव लपवणे हा विज्ञानकथेचा जुना छंद आहे. १८६५च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत व्हर्नने तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेला मिशेल आर्दां रंगवला. त्याचा नमुना होता व्हर्नचा मित्र नादार, पॅरिसचा नामांकित छायाचित्रकार आणि बलूनमधून उडणारा धाडसी माणूस. नादारची रोमन अक्षरे फिरवली की आर्दां तयार होतो. पुढे १८७७मध्ये धूमकेतूवर बसून सूर्यमालेची सफर घडवणारी कादंबरी आली. तिच्या नायकाचे आडनाव सेर्व्हादाक. ही अक्षरे शेवटाकडून वाचली की फ्रेंचमध्ये ‘प्रेते’ या अर्थाचा शब्द होतो. हसऱ्या साहसकथेच्या नायकाच्या नावात व्हर्नने मृत्यू दडवून ठेवला होता.

मराठीत व्हर्न फार लवकर आला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात त्याची चंद्रकथा ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून अवतरली. कोचीनला सुरू झालेल्या मराठी मासिकाने मराठी वाचकाला प्रथम चंद्रावर नेले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आणखी ठळकपणे सांगितली जायला हवी. नंतर भा. रा. भागवतांनी व्हर्नला मुलांच्या हाती दिले. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही पुस्तके वाचून कितीतरी मुले विज्ञानाकडे वळली. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ म्हणजेच ती सेर्व्हादाकची गोष्ट. नावातली फ्रेंच खोच मराठीत उतरणे शक्य नव्हते. भागवतांनी तो हट्ट धरला नाही; कथेचा वेग आणि बोलण्यातली लज्जत त्यांनी मराठीत आणली.

व्हर्नची नावे जवळून हाताळणाऱ्या भागवतांनी स्वतःच्या पात्रांची नावे ठेवली तेव्हा आपली माती सोडली नाही. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे हा ‘फास्टर फेणे’ झाला. पुस्तकांत बुडालेला मुलगा ‘बिपिन बुकलवार’ झाला. गाव फुरसुंगी, आडनाव फेणे आणि उपाधी इंग्रजी. पुढे सरसावलेल्या मराठी मुलाचे सगळे वर्णन त्या एका नावात आले. विज्ञानकथेच्या अंगणातच वाढलेले हे साहसी मूल आहे. मराठी मुलांना त्याच्यात आपला वर्गमित्र दिसला, कारण त्याचे नाव त्यांच्या वर्गातल्या हजेरीत सहज खपले असते.

ना. वि. जगताप

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले. त्यानंतर उघड झाले की जगताप नावाचा कोणी लेखक नाही. ही कथा डॉ. जयंत विष्णु नारळीकरांची आहे. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी लिहिली की ना. वि. ज. होतात, आणि त्या ‘ज’वर जगताप उभा राहिला. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती.

त्या वेळी नारळीकर जगप्रसिद्ध होते. फ्रेड हॉएल यांच्याबरोबरच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे तरुण वयातच देशभर त्यांचे नाव झाले होते. १९६५मध्ये पद्मभूषण मिळाले होते. त्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांच्या मनावर दडपण आले असते. कथेचे मोल कथेवरूनच ठरावे, यासाठी त्यांनी नाव बाजूला ठेवले. मराठी विज्ञानकथेच्या नव्या पर्वाची सुरुवात अशी सचोटीने झाली, याचा मला मराठी वाचक म्हणून अभिमान वाटतो.

व्हर्नने नादारचा आर्दां केला, नारळीकरांनी नारळीकरांचा जगताप केला. युक्ती एकाच जातीची, हेतू मात्र निराळे. व्हर्नला मित्राचा गौरव करायचा होता, नारळीकरांना स्वतःची कीर्ती दूर ठेवायची होती. उजवे-डावे उलटण्याची ही कल्पना नारळीकरांच्या मनात खोल असावी. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या त्यांच्या कथेचा गाभाच तो आहे. आरशात दिसावे तसे वस्तूचे आणि माणसाचे उजवे-डावे बदलले तर काय होईल, हा भूमितीतला प्रश्न त्यांनी गणपतीच्या सोंडेवर आणून ठेवला. उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो, हे घराघरांत माहीत असलेल्या मराठी वाचकाला अवघड भूमिती अशी एका नावाने कळली.

गंगाधरपंत आणि दत्तदा

नारळीकरांच्या नावांचा खरा अभ्यास करायचा तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्यावी. या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात असल्याने देशभरची मुले तिला ओळखतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे पानिपतची तिसरी लढाई मराठे जिंकले आहेत. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागते. तिथे ती कानाला चाटून जाते. तेवढ्या एका फरकातून सगळा इतिहास वेगळ्या वळणावर जातो.

या कथेत नावांनीच जग बदललेले दाखवले आहे. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी डेक्कन क्वीन नाही, तिचे नाव जिजामाता एक्सप्रेस आहे. एका पाटीवर दोनशे वर्षांचा वेगळा इतिहास मावला. मुंबईत पोचल्यावर गंगाधरपंत मुलाच्या कचेरीत जातात आणि विनय गायतोंडेची चौकशी करतात. तिथे त्या नावाचे कोणीही काम करत नाही. मराठी विज्ञानकथेतला मला सर्वांत हलवून टाकणारा क्षण तो आहे. बापाला स्वतःचे नाव आठवते, मुलाचे आठवते, पण त्या जगाच्या नोंदवहीत मुलगाच नाही. भौतिकशास्त्रातली समांतर विश्वाची अवघड कल्पना एका हरवलेल्या नावाने काळजाला भिडते.

‘गंगाधर’ या नावाला जोडलेला ‘पंत’ही नीट निवडलेला आहे. पेशवाईच्या दफ्तरांत असे पंत जागोजाग भेटतात. त्या काळाचा अभ्यास करणारा माणूस त्याच काळाची पदवी घेऊन वावरतो आणि शेवटी त्या काळाच्या एका फाट्यावर जाऊन पडतो. वाचकाला हे जाणवतेही, आणि लेखकाला ते समजावून सांगावे लागत नाही.

‘धूमकेतू’ या कथेत नारळीकरांनी महाराष्ट्राची वेस ओलांडली. नायक बंगाली हौशी खगोलनिरीक्षक, दत्तदा. त्याच्या दुर्बिणीचे नाव दिव्यचक्षू, पत्नी इंद्राणी. धूमकेतूला शोधणाऱ्याचे नाव देण्याची खगोलशास्त्रात प्रथा आहे, म्हणून दत्तदाने शोधलेला धूमकेतू ‘दत्त’ होतो आणि तो पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणित निघते. घराण्याचे नाव आकाशात गेल्याचा आनंद आणि त्याच नावाने जगाचा नाश होण्याची भीती, दोन्ही एकाच घरात राहायला येतात.

ही निव्वळ कल्पना नव्हती. २ जुलै १९४९ रोजी वेणू बाप्पू या तरुण भारतीयाने हार्वर्डमध्ये शिकत असताना एक धूमकेतू शोधला आणि त्याला बाप्पू-बॉक-न्यूकर्क असे नाव मिळाले. बाप्पू वाढले हैदराबादेत. वडील तिथल्या निजामिया वेधशाळेत काम करत. धाराशिव जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानातच होता. ज्या राज्यात इथली गावे होती, त्याच राज्याच्या वेधशाळेच्या आवारात वाढलेल्या मुलाचे नाव आकाशात लागले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली पाहिजे.

तेरचा त्रिविक्रम

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतल्या यंत्रमानवाचे नाव वामन. ते नाव समजून घ्यायचे तर धाराशिवहून तेरला जावे. तेरणेच्या काठचे हे गाव संत गोरोबाकाकांचे. गावात एक विटांचे प्राचीन मंदिर आहे, पाठीमागे अर्धगोल असलेले. मूळचा तो बौद्ध चैत्य असावा, असे अभ्यासक मानतात. आज त्यात विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे.

त्रिविक्रम म्हणजे वामनाचेच दुसरे रूप. तीन पावले जमीन मागणारा बुटका बटू आकाश व्यापतो आणि बळीला पाताळात ढकलतो. मराठी मुलाने ही गोष्ट बलिप्रतिपदेला ऐकलेली असते. म्हणून यंत्रमानवाला वामन म्हटले की पुढचा धोका वाचकाला आधीच जाणवतो: लहान म्हणून घरात घेतलेली ही बुद्धी उद्या किती मोठी होईल? माणसाने आपल्या हातांनी तीन पावले दिली तर तिसरे पाऊल कोणाच्या डोक्यावर पडेल? कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जगभर हीच चर्चा चालू आहे. नारळीकरांनी ती एका पौराणिक नावात मांडून ठेवली, तीही त्या यंत्रांची आजची रूपे कोणी पाहिलेली नसताना.

याच तेरने नावाच्या शोधाचा आणखी एक धडा दिला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावाचा माल भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजे देवगिरी, की जुन्नर, की आणखी कोणते शहर, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. १९०१मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे दाखवून दिले. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात रोमशी झालेल्या व्यापाराच्या खुणा पाहायला मिळतात. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावाचे नाव भूमध्य समुद्राकडच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते, त्या गावाला आज जगाच्या कथेत जागा मागताना संकोच वाटायचे कारण नाही.

प्राग, लंडन आणि श्रीलंका

वामनाचे जगभरचे भाऊबंदही नावातून आपली गोष्ट सांगतात. चेक लेखक कारेल चापेकच्या १९२० सालच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकाने जगाला ‘रोबॉट’ हा शब्द दिला. तो त्याला भाऊ योसेफने सुचवला आणि त्याचे मूळ वेठबिगारीत आहे. त्या नाटकातल्या कारखान्याच्या संस्थापकाचे आडनाव रोस्सुम, म्हणजे चेक भाषेत बुद्धीच्या जवळ जाणारे. व्यवस्थापक दोमिन, म्हणजे मालक. यंत्रमानवांपैकी दोघांची नावे मारियुस आणि सुल्ला. रोमच्या इतिहासातले हे दोन कट्टर वैरी. व्यवस्थापकाला वाटते ते प्रेमिक होते, म्हणून तो सुल्ला हे नाव एका स्त्री-यंत्राला देतो. यंत्रे बनवणाऱ्यांना इतिहास कळत नाही, हे चापेकने एका नावात सांगून टाकले.

मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत तर निर्माता आपल्या निर्मितीला नावच देत नाही. लोकांनी पुढे निर्मात्याचे नाव, फ्रँकेन्स्टाइन, त्या प्राण्याला चिकटवले. ज्याला कोणी नाव ठेवत नाही, त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही, हाच त्या पुस्तकाचा सारांश आहे.

आर्थर क्लार्क १९५६पासून श्रीलंकेत राहिले. त्यांच्या ‘२००१’ या कादंबरीतला संगणक हाल. हे नाव आयबीएम या कंपनीच्या प्रत्येक अक्षराच्या एक घर आधीचे अक्षर घेऊन बनवले, अशी समजूत जगभर पसरली. क्लार्कनी ती वारंवार फेटाळली. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे नाव त्याच कादंबरीत आहे. १९६८च्या कादंबरीत हालला शिकवणारे शास्त्रज्ञ डॉ. चंद्रा आहेत. त्याच वर्षी आलेल्या चित्रपटात त्यांच्या जागी लँग्ली हे इंग्रजी नाव आले. पुढच्या ‘२०१०’ या कादंबरीत क्लार्कनी चंद्रांना परत आणले आणि त्यांचे पूर्ण नाव दिले: शिवसुब्रमण्यन चंद्रशेखरम्पिल्लै. पडद्यावरून पुसले गेलेले दक्षिण आशियाई नाव लेखकाने सविस्तर लिहून परत बसवले. क्लार्क इथल्या माणसांत राहत होते, म्हणून त्यांना ते नाव नीट लिहिता आले. व्हर्नचा दक्कार आणि क्लार्कचा चंद्रशेखरम्पिल्लै यांच्यातले अंतर शंभर वर्षांचे कमी आणि शेजाराचे जास्त आहे.

तुळजापूरची तारा, आणि पुढे

धाराशिव जिल्ह्याचे नाव इंग्रजी साहित्यात यापूर्वी गेले आहे. १८५३मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, १८६०मध्ये तो परत गेला. मधल्या काळात, १८५३ ते १८५७, नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार कर्नल फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे होता. ठगांवरच्या कादंबरीने ते आधीच प्रसिद्ध झाले होते. १८६३मध्ये त्यांनी ‘तारा’ ही मोठी कादंबरी लिहिली. अफझलखानाच्या स्वारीच्या काळातली तिची कथा तुळजापूरच्या देवळाभोवती फिरते. नायिका तारा, तिचे वडील व्यासशास्त्री. टेलर या प्रदेशात राहिले होते, इथल्या माणसांशी बोलले होते, म्हणून ही नावे कानाला खोटी वाटत नाहीत.

टेलर, व्हर्न, क्लार्क, भागवत, नारळीकर यांच्याकडे एकत्र पाहिले की निष्कर्ष स्पष्ट निघतो. नाव दुरून ठेवले तर दक्कार होते, जवळून ठेवले तर तारा, चंद्रा, फेणे आणि गंगाधरपंत होतात. मात्र मराठी विज्ञानकथेची जवळीक बरीचशी मुंबई-पुण्यातच राहिली. तिची प्रयोगशाळा कुलाब्याला, तिचे रस्ते डेक्कनवर. ज्या गावात वीज रात्री येते, पाणी टँकरने येते आणि पोरगी एसटीने कॉलेजला जाते, तिथली नावे उद्याच्या हजेरीत फार कमी लिहिली गेली.

वास्तविक विज्ञानकथेला जे लागते, ते या जिल्ह्यात मुबलक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सास्तूरसह लोहारा-उमरगा भागातली गावे भुईसपाट केली. भूकंप होणार नाही असे मानल्या गेलेल्या दख्खनच्या पठाराने शास्त्रज्ञांना नवे प्रश्न दिले. गावांचे पुनर्वसन झाले, जुन्या गावठाणाशेजारी नवी गावे उभी राहिली. बालाघाटच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरतात, कौडगावला सौरऊर्जा प्रकल्प आहे. पाण्याचा दुष्काळ आणि ऊर्जेची मुबलकता एकाच तालुक्यात नांदते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल शेकडो वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांची हिंमत सांगतो. पाऊस, पाणी, भूगर्भ, वारा, ऊन: उद्याच्या जगाचे मोठे प्रश्न इथे आधीच राहायला आले आहेत.

नावेही तयार आहेत. तुळजाभवानीवरून तुळजाराम आणि अंबादास, येरमाळ्याच्या येडेश्वरीवरून येडाबाई, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबावरून खंडू आणि खंडेराव, तेरवरून गोरोबा. ही नावे विनोदी पात्रांना आणि नोकरांना देऊन आपल्या कथा-चित्रपटांनी त्यांच्यावर अन्याय केला आहे. भूगर्भातल्या हालचाली ऐकणाऱ्या यंत्राची रचना करणारी शास्त्रज्ञ येडाबाई का नसावी? मंगळावरच्या पहिल्या वसाहतीत पाण्याचा हिशेब ठेवणारा माणूस तुळजाराम का नसावा? ज्याने टँकरच्या रांगेत बालपण काढले, त्याला थेंबाची किंमत कोणी शिकवावी लागणार नाही. त्याचे नाव बदलून आर्यन केले तर कथेतला तो अनुभवच निघून जाईल.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्यांच्या पिढीने मराठी विज्ञानकथेला मान मिळवून दिला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाढवली. आता ती मराठवाड्याच्या गावांत उतरली पाहिजे, आणि त्यासाठी इथल्या लोकांनीच लिहायला हवे.

म्हणून एक साधे मागणे आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, भूम, वाशी आणि लोहारा तालुक्यांतल्या मराठी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र बसून वर्षातून एकदा मुलांकडून विज्ञानकथा लिहून घ्यावी. अट एकच ठेवावी: नायकाचे किंवा नायिकेचे नाव आपल्या गावातले असावे आणि कथेतला प्रश्न आपल्या शिवारातला असावा. संपादकांनी त्या कथा मागून घ्याव्यात, त्यांना अंकात चांगली जागा द्यावी आणि लेखकाच्या नावाखाली गावाचे नाव छापावे. उद्याच्या जगात आपली माणसे दिसावीत असे वाटत असेल, तर त्यांची नावे आपणच लिहिली पाहिजेत.